धम्मानंदची चौथी वही

"मॅडम, बँड जाऊनच नाही राहिला," असं म्हणत नूपुरनं फिल्म माझ्या हातात दिली.

मी ती खिडकीच्या उजेडात धरली. सहा रकान्यांत सहा काळ्या पट्ट्या, म्हणजे बँड, होत्या. त्यातल्या तीन तिथे असायलाच नको होत्या.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल. नावं घातली होती ना तू?"

"घातली होती मॅडम. तीन वेळा करून पाहिलं. शेवटच्या वेळी तर लॅबमधल्या मेघाताईंना नळ्या भरायला सांगितल्या, कोणत्या नळीत काय आहे ते मलेच माहीत नव्हतं. तरी तेच."

"आणि जनुक गेलं आहे हे नक्की?"

"नक्की. बाहेरून तपासून आणलं."

नूपुर माझी शेवटची विद्यार्थिनी. दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार आणि त्याच्या आधी तिचा प्रबंध जाणार, असा आमचा बेत होता. ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. चूक तिची आहे, हे मी कधी म्हणते याचीच वाट पाहत असावी. माझ्या प्रयोगशाळेत तशी वाट पाहायची पद्धत होती.

या धंद्यात नसलेल्यांना थोडं सांगायला हवं. पेशीला बाहेरून निरोप येतात. वाढ, थांब, मर. हा निरोप पेशीच्या दारापासून आतल्या केंद्रकापर्यंत प्रोटीनं हातोहात पोचवतात. त्या साखळीतला एक नवा निरोप्या मी एकवीस वर्षांपूर्वी शोधला आणि वजनावरून त्याचं नाव पी-बावन्न ठेवलं. प्रोटीन काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याला नेमकं ओळखून चिकटणारी अँटिबॉडी आम्ही सशाच्या रक्तातून तयार केली. ती जिथे चिकटते तिथे फिल्मवर काळी पट्टी उमटते. नूपुरनं आता पेशींमधून पी-बावन्नचं जनुकच काढून टाकलं होतं. प्रोटीन नाही तर पट्टी नाही, इतका सरळ हिशेब. आणि पट्टी तर ठणठणीत होती.

याचा अर्थ एकच. आमची अँटिबॉडी इतकी वर्षं भलत्याच प्रोटीनला पी-बावन्न समजत होती. लग्नात एखाद्या म्हाताऱ्या मामांनी दुसऱ्याच्या पोराला भाचा समजून मिठी मारावी, तसं. फरक एवढाच की मामांच्या मिठीवर कुणी पुरस्कार देत नाही. मला मिळाला होता. शिवाय प्राध्यापकपद, परदेशातली दोन भाषणं आणि पाठ्यपुस्तकात खालच्या टिपेत 'भुसारी आणि सहकारी' एवढी जागा.

"माझ्या थिसिसचं काय होईल मॅडम?" नूपुरनं हळूच विचारलं.

"तुझं काही जात नाही. तुझा निकाल खरा आहे. जाईल ते माझं."

ती गेली आणि मी कपाटाच्या किल्ल्या शोधू लागले. कारण धक्का बसायला हवा होता तेवढा मला बसला नव्हता. हे मला कुणीतरी पूर्वी सांगितलं होतं, आणि कोणी ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे नियम आहे. विद्यार्थी जातो, त्याची वही जात नाही. रोजचं काम वहीत लिहायचं, आणि मार्गदर्शकानं दर पानाखाली 'पाहिले' असं लिहून तारखेसह सही करायची. धम्मानंद रामटेकेच्या चार वह्या खालच्या खणात होत्या. चौथी २०१० सालची. त्यानं जनुक काढलं नव्हतं, तेव्हा ते इतकं सोपं नव्हतं. पेशीत पी-बावन्न बनणंच बंद पाडण्याची एक युक्ती त्यानं वापरली होती. प्रोटीन कमी झालं की पट्टी फिकी व्हायला हवी. ती झाली नाही. त्यानं पुन्हा केलं. नऊ वेळा केलं. नवव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पट्टी कमी होत नाही. आपली अँटिबॉडी दुसऱ्या प्रोटीनला चिकटत असावी का? मॅडमशी बोलणे.'

त्याच्याखाली माझी सही होती. पाहिले.

तो बोललाही होता. मी तेव्हा कुठलंसं भाषण देऊन परतले होते आणि जरा हवेत होते. मी म्हटलं होतं, "धम्मानंद, ही अँटिबॉडी सगळं जग वापरतं. अँटिबॉडी बरोबर आहे, तुझा हात बिघडला आहे." त्याच्या प्रगती अहवालात मी तेच लिहिलं, 'हाताला अचूकपणा नाही.' पुढे त्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि तो पदवी न घेता गेला. कुणी विचारलं तर मी सांगत असे, पोरगा हुशार होता पण चिकाटी कमी पडली. नऊ वेळा तोच प्रयोग करणाऱ्याची चिकाटी.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. हेच जर आमच्या ओळखीतल्या घरातल्या, आमच्यासारख्याच आडनावाच्या मुलानं सांगितलं असतं, तर मी एकदा तरी अँटिबॉडी तपासली असती का? तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. आता विचारलं, आणि जे उत्तर आलं त्याची मला लाज वाटली.

पी-बावन्नवरचा माझा निबंध ज्या नियतकालिकात छापून आला होता, त्याच्या संपादकांना पाठवायचं पत्र मी दोन दिवसांत लिहिलं. निबंध मागे घेत आहे, चूक माझी आहे, ती सर्वप्रथम धम्मानंद रामटेके यांच्या लक्षात आली होती. पण त्याला न विचारता त्याचं नाव कसं घालायचं? एका जुन्या विद्यार्थ्याकडून नंबर मिळाला. धम्मानंद कोराडीला वीज केंद्रात केमिस्ट होता.

"या ना मॅडम," तो फोनवर म्हणाला. "रविवारी घरीच राहतो मी." काय काम आहे ते त्यानं विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी प्रताप नगरमधल्या माझ्या घरून गाडी काढली. वही शेजारच्या सीटवर होती. म्हणजे नियम मोडून मी ती बाहेर नेली होती. कोळशाच्या ट्रकमागे रखडत वीज केंद्राच्या कॉलनीत पोचले तेव्हा धम्मानंद फाटकाशीच उभा होता. अंगानं भरला होता, कानावरचे केस पिकले होते. तू म्हणावं की तुम्ही, हे माझं ठरेना, म्हणून मी नुसतं "बरं आहे ना?" असं विचारलं.

"बरं आहे मॅडम. बसा. खिडकी लावून घेतो, राख येते."

मी प्रास्ताविक वगैरे पाठ करून आले होते. ते सगळं विसरून मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "तुझं बरोबर होतं. अँटिबॉडीच चुकीची होती."

हात पँटला पुसून त्यानं वही उघडली आणि पानं उलटत राहिला. मी नूपुरच्या प्रयोगाचं सांगत होते. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. एका पानावर थांबून तो म्हणाला, "हे सातव्या वेळचं. मधातच लाइट गेली होती. तरी मी मोजलं होतं."

"आठवतं तुला?"

"सगळं आठवते." त्यानं वही मिटली. "मॅडम, मले तर खरंच वाटलं होतं का माझा हात बिघडला."

गेले काही दिवस मी धरून चालले होते की हा माणूस मनातून माझ्यावर चिडलेला असेल, आपण बरोबर होतो हे त्याला ठाऊक असेल. त्याचा राग मी सोसला असता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"इथं बॉयलरच्या पाण्याची तपासणी करतो मी," तो सांगू लागला. "एक वेळ मोजलं का पुरते. मी तीन-तीनदा मोजतो. सोबतचे हसतात, म्हणतात काहून येवढं करून राहिला गा? आता काय सांगू त्याईले? भरोसाच नाही वाटत आपल्या हातावर. पंधरा वर्षं झाली."

मी पत्र पुढे केलं. त्यानं ते सावकाश वाचलं. चूक दुरुस्त करणाऱ्या नव्या निबंधात नूपुरच्या बरोबरीनं त्याचं नाव घालायचं आहे, हेही मी सांगितलं. खरं लिहायचं तर मला आतून आशा होती की तो 'जाऊ द्या मॅडम, झालं गेलं' असं म्हणेल. आपल्याकडे मोठ्या माणसाला अवघडू न देण्याची रीत आहे, आणि मी आयुष्यभर त्या रीतीवर जगले आहे.

"नाव टाका," तो म्हणाला. "काम माझंच आहे ते. पण त्यानं मले आता काही होणार नाही मॅडम. डिग्रीचा टाइम निघून गेला." पत्र परत देत तो म्हणाला, "तुमाले काही करायचंच असन तर एक करा. हे माझ्या मायले सांगा."

"आईंना?"

"बाबा कामठीले पॉवरलूमवर होते. आमच्या मोहल्ल्यात सगळ्याईले सांगत फिरत, पोट्टा डॉक्टर होऊन राहिला. मी घरी आलो तर त्याईनं विचारलं, काय झालं? मी सांगतलं का माझ्या हातानं होत नाही. बाबा म्हणे, माझ्या हातानं चाळीस वर्षं धागा सांभाळला, तुझ्याच हाताले काय झालं गा? लोकं विचारत तर खाली पाहत. गेल्या साली वारले. शेवटपर्यंत त्याईच्या मनातून ते गेलं नाही. मायच्याही नाही."

जयवंताबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, बाजूला टोपीतल्या एका वृद्धाचा फोटो. धम्मानंदनं सांगितलं, ह्या माझ्या कॉलेजच्या मॅडम. त्या उठू लागल्या तर मी त्यांना बसवलं आणि पलंगाजवळच्या स्टुलावर बसले.

पेशी, प्रोटीन, निरोप. या विषयावर मी तीन देशांत बोलले आहे. त्या खोलीत माझी दोन वाक्यं धड होईनात. जयवंताबाईंनी हातातली जुडी बाजूला ठेवली.

"बाई, मले ते समजत नाही. एकच सांगा. माह्या पोट्ट्याचं चुकलं होतं का?"

"नाही. त्याचं बरोबर होतं. मी चुकले."

"याच्या हाताले काही नव्हतं झालं?"

"काही नव्हतं. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. रागानं नाही. बाजारात एखादी वस्तू घ्यावी की ठेवावी असं पाहतो, तसं.

"मंग तेव्हाच काहून नाही पाहिलं तुमी?"

मी मान खाली घातली. जे उत्तर मला ठाऊक होतं ते त्यांच्यासमोर उच्चारायची हिंमत नव्हती. धम्मानंद दाराशी उभा होता. त्यानं मला सोडवलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

जयवंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "मले सांगतलं तसं त्याईलेही सांगा."

मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेल्या साऱ्या गोष्टींतलं सगळ्यात सोपं सत्य. मी उठले. फोटोसमोर उभी राहिले. मारोतराव रामटेके, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख. फोटोत ते कॅमेऱ्याकडे न बघता जरा खालीच पाहत होते.

"मारोतरावजी," मी म्हटलं, "तुमच्या मुलाच्या हातात काही दोष नव्हता. चूक माझी होती."

मला वाटलं, झालं. पण मागून जयवंताबाईंचा आवाज आला.

"जरा जोरानं सांगा बाई. मशिनीच्या आवाजानं कान गेले होते त्याईचे."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं.