कायतानचा कौल

सगुण परबला एका जागी बसवत नव्हतं. वास्कोच्या फुटबॉल क्लबकडून बारा वर्षं मधल्या फळीत खेळला, तेव्हा लोक म्हणायचे, हा माणूस एका वेळी मैदानात चार ठिकाणी असतो. गुडघा गेला, पेडण्याला परत आला, गावच्या संघाचा कोच झाला, तरी सवय जाईना. जेवतानाही उठून फेऱ्या घालायचा. त्याची बायको पद्मावती म्हणायची, "बसा हो, भात खंय पळना नाय."

त्या डिसेंबरात तर बसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रविवारी डिचोलीला सामना. जिंकलो तर गावचा संघ पहिल्यांदा वरच्या गटात. आणि गोव्यात राजभाषा कोंकणी की मराठी यावरून डोकी फुटत होती. दक्षिणेत कोंकणीवाल्यांनी झाडं पाडून रस्ते अडवलेले, आमच्याकडे मराठीचे मोर्चे. अशात आमचा गोलकीपर कोण? दक्षिणेतल्या साष्टीचा ख्रिस्ती कायतान. जवळच्या तुयेच्या कारखान्यात कामाला, तिथंच खोली घेऊन राहणारा.

जयरामशेट क्लबचे अध्यक्ष. दोन बसगाड्यांचे मालक. एकीची काच दक्षिणेत दगडानं फुटली होती, आणि तो दगड कायताननंच मारला असावा असं ते बोलायचे.

"सगुणा, रविवारी तो गोलपोस्टात नको. गावात त्वांड दाखवूक जागा रवाची नाय."

"मग कोण, कृष्णनाथ? बॉल इलो काय तो डोळे मिटता."

"मिटूंदेत. आपलो आसा."

इथं सगुणनं 'संघ मी निवडतो' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. अंगावर आलेल्या तिघांना चकवून पास देणारा माणूस, त्यानं इथं चेंडू सरळ देवळात टोलवला. म्हणाला, "कौल लावया."

आमच्याकडे हे असंच. सोयरीक ठरत नाही, लावा कौल. विहीर कुठं खणायची, लावा कौल. हिंमत संपली की आम्हाला देव आठवतो, आणि त्याला आम्ही भक्ती म्हणतो.

सातेरीच्या देवळात गुरवानं देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर कायतान खेळणार, डावी पडली तर बाहेर. अर्धा गाव जमला. कळी काही पडेना. सगुण या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालत होता.

"अरे उभो रव मरे," गुरव खेकसला, "देवीक घेरी येयत!"

लोक हसले. तेवढ्यात उजवी पडली.

"वारो इलो," जयरामशेट म्हणाले. "परत लाव."

"वारो पण देवीचोच," असं म्हणून गुरवानं ताट उचललं.

सगुणला वाटलं, सुटलो. स्कूटर काढून थेट तुयेला गेला. बातमी आधीच पोचली होती. कारखाना सुटला होता, आणि फाटकापाशी पोदेराकडून कायतान पाव घेत होता.

"कायतान, देवीन उजवी दिली. तूं खेळटा."

"म्हजे खातीर तुमी देवीक विचारलें?"

"हय."

"आनी म्हाका?"

सगुण बुटाच्या टोकानं एक खडा इकडून तिकडे करत राहिला.

"तूं वास्को बारा वर्सां खेळ्ळो," कायतान म्हणाला. "ह्या पेडणेंकाराक संघांत घेवचो काय ना, म्हणून कोणें इगर्जेंत वचून पाद्रीक विचारिल्लें? ना मरे. तुजे पांय पळयले आनी घेतलो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांग. दावी पडिल्ली जाल्यार?"

कामगार घरी जायचे थांबून ऐकत होते. खोटं बोलणं सोपं होतं. 'तरी तुलाच घेतलं असतं', एवढं म्हटलं की रविवार हातात. उजवीकडे झुकून डावीकडून निसटण्यात तर सगुणचं आयुष्य गेलेलं.

"तुका भायर काडटलों आशिल्लों," तो म्हणाला.

कायतान चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाव पिशवीत भरले. "खरें सांगलें, बरें जालें. पूण हांव येना."

रविवारी पोस्टात कृष्णनाथ. मध्यंतरापर्यंत दोन गोल खाल्ले, दुसरा तर त्याच्या ढेंगांतून. जयरामशेट धोतर सावरत रेषेच्या आत आले.

"बघलंस? तरी सांगत होतंय, कळी परत लाव म्हणान."

"शेट, मैदानाभायर जावा. संघ माझो आसा."

"तुझो? अध्यक्ष कोण रे?"

"तुमीच. पण सांजेपर्यंत कोच मी. फाल्या सकाळी दुसरो बघा."

पोरं पाण्याचे तांबे हातात धरून बघत राहिली. सगुण बोलला. पण हे देवळाच्या पायऱ्या चढायच्या आधी बोलायचं होतं.

शिट्टी झाली. पोरं उतरली. पोस्टात माणूस होता, गोलकीपर नव्हता.