उजवं म्हणजे कुणाचं?

उद्या सरांचा सत्कार, आणि भाषणाचं लोढणं माझ्या गळ्यात. सरांच्या एका शोधनिबंधाचा दाखला जगभरातल्या हजारावर संशोधकांनी दिलाय, एवढं सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या. ओळखीचा आवाज आपण मेंदूच्या डाव्या बाजूने ओळखतो, असं त्या निबंधात होतं. तोवर सगळे उजवी बाजू म्हणत. सरांनी बाजू पालटली आणि नाव कमावलं. माझी डॉक्टरेटही त्याच्याच जिवावर झाली.

आमच्या घरात मात्र त्या निबंधाचं नाव काढायची सोय नाही. माझा नवरा माझ्याबरोबरच सरांकडे शिकत होता. त्याने तोच प्रयोग सरांना मध्ये न घेता केला आणि उत्तर आलं उजवी बाजू. भर बैठकीत त्याने विचारलं, "सर, तुमच्या प्रयोगातलं उजवं म्हणजे कुणाचं उजवं?" सगळे खो खो हसले. सर म्हणाले, ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने मेंदूच्या वाटेला जाऊ नये. त्या दिवसापासून तो 'उलटोबा' झाला. त्याचा निबंध छपाईआधी तपासायला सरांकडेच गेला आणि तिथेच गार पडला. त्याने प्रबंध अर्धवट सोडला, आता शाळेत विज्ञान शिकवतो. डोकं फिरलं की मीही त्याला उलटोबाच म्हणते. तो वह्या तपासत राहतो.

भाषणाआधी एक छोटा व्हिडिओ दाखवायचं ठरलं होतं. म्हणून आज दुपारी सरांच्या खोलीत मोबाइल उभा करून ठेवला आणि म्हटलं, पहिला प्रयोग कसा केलात ते करून दाखवा. सर खुलले. कपाटातून माशाच्या तेलाची गोळी आणि चिकटपट्टी काढली. त्या काळी स्कॅनची चित्रं एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना डावी-उजवी बाजू बदलून जायची. म्हणून माणसाच्या उजव्या कानशिलावर ही गोळी लावायची. चित्रात तिचा पांढरा ठिपका दिसतो; ठिपका जिकडे, तिकडे उजवं. हे काम सरांनी कधी कुणाला करू दिलं नाही, माझ्या प्रयोगांतही नाही. पोरं धांदरट असतात, म्हणायचे.

मला खुर्चीत बसवून ते समोर उभे राहिले. "हे बघ, उजवं कानशील," म्हणाले आणि उजवा हात सरळ पुढे करून गोळी चिकटवली.

आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी लिहिते तो हात वर करून पाहिला, मग गोळी चाचपली. गोळी दुसऱ्या बाजूला होती.

"सर, हे माझं डावं."

सर हसले. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, माझ्या कानशिलाकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे. मी विचारलं, दरवेळी असेच समोर उभे राहून लावायचात? त्यांनी होकारार्थी मान हलवली.

हजार दाखले, माझी डॉक्टरेट, सगळं मातीत गेलं होतं. पण मला तेव्हा फक्त घरी वह्या तपासत बसलेला नवरा दिसला. असा संताप आला की म्हाताऱ्याच्याच एक कानशिलात द्यावी, डावं-उजवं न बघता.

मोबाइल बंद करायला उठले तर सरांनी हाताने अडवलं. म्हणाले, राहू दे, उद्या हेच दाखव. मग त्यांच्या टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाले, उलटोबाला लाव.

"त्याला नाव आहे, सर."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. नाव आठवेना. मी नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"तू मला एकदा विचारलं होतंस," सर म्हणाले, "उजवं म्हणजे कुणाचं."

"हो, सर." इतक्या वर्षांनी, नाव न सांगता, त्याने आवाज लगेच ओळखला.

"माझं होतं रे ते. माझं उजवं."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग नवऱ्याने विचारलं, "ती तिथेच आहे का?"

सर हो म्हणाले.

"मग तिला सांगा, आता मला उलटोबा म्हणायचं नाही."