सूर्याची थरथरणारी कड

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. आमचं गाव देवणीच्या अलीकडं, टेकाडाच्या पोटाला. वर रस्ता नव्हता. टँकर खालच्या ओढ्यापर्यंतच यायचा.

त्याच उन्हाळ्यात माझी बायको रत्नम्मा लिंगैक्य झाली. आमच्या लिंगायतांत पुरतात. टेकाडाच्या माथ्यावर आमचं रान आहे, तिथं तिची समाधी बांधली. घरात बसवत नव्हतं. दिवसभर मी टेकाड चढायचो, उतरायचो.

तेव्हा सरकारी माणसं आली. सूर्य पाहायची मोठी दुर्बीण बांधायला स्थिर हवेची जागा शोधत होती. बरोबरच्या लहान दुर्बिणीतून ती सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायची आणि बिंबाची कड किती थरथरते ते मोजायची. तापलेल्या जमिनीवरून हवा उठते, तिच्यानं कड हलते, असं त्यांचे इनामदार साहेब सांगत. उतारावर ती कड उतू जाणाऱ्या दुधासारखी हलत होती.

"माथ्यावरून बघू द्याल?" साहेबांनी मला विचारलं.

"चपला काढून चढा."

सगळे अनवाणी चढले. समाधीला लागून दुर्बिणीची तिपाई मांडली. कड जागची हलेना. मी खाली उतरलो, पुन्हा वर आलो. तरी हलेना.

काही दिवस मोजून साहेब म्हणाले, "जागा हीच. गावाला रस्ता होईल, पाण्याची टाकी होईल. समाधी मात्र हलवावी लागेल."

माझा मेहुणा संगप्पा मागंच लागला. "दाजी, हाव म्हणा. ताई न्हाई म्हणली असती का? जल्मभर पाणीच वाहिलं तिनं."

"तू भाऊ हायस तिचा. पहिली पहार तू घाल."

"घालतो की! भितो का काय?"

सारं गाव त्याच्या मागोमाग माथ्यावर गेलं. संगप्पानं चपला काढल्या, पहार उचलली, दगडाच्या फटीत टेकवली. तसाच उभा राहिला. मग पहार खाली ठेवून समाधीवरची धूळ हातानं झाडू लागला.

"साहेब," तो म्हणाला, "दुसरं टेकाड बघा."

मी त्यांची तिपाई ओढ्यापर्यंत उतरवून दिली. जीप गेली.

संध्याकाळी शेजारची सरजाबाई घागर घेऊन चढ चढत होती. मला बघून थांबली.

"अण्णा, मेलेलीला माथा अन् जित्यांना ओढा! बरा न्याय हाय तुमचा."

मी घरी आलो. घरातून रत्नम्माची घागर उचलली, खाली गेलो, भरून आणली आणि सरजाबाईच्या दारात ठेवली.

"ही कशाला?"

"असू दे. रिकामी करून दे लवकर," मी म्हणालो, "अजून एक खेप करतो."