चार बोटांचा कान

उन्नतीच्या लग्नाची बोलणी करायला वटारची माणसं रविवारी येणार होती, आणि त्यांच्यासमोर आपल्या हाताने चहा प्यायचा, असं तिच्या वडिलांनी, दिनानाथांनी, ठरवून टाकलं होतं.

वैशाखात त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. पाय सावरले, वाचा परतली. उजव्या हाताची चिमूट तेवढी परतली नाही. केळीचा घड एका घावात उतरवणाऱ्या त्या हाताला कपाचा इवलासा कान धरवेना. डाव्या हाताने तर त्या घरात कुणी पाणीदेखील पीत नसे. तेव्हापासून पत्नी मथुरा बशी त्यांच्या ओठांशी नेई, आणि ते डोळे मिटून घेत. पण बोलणी जुळली की दोन्ही बापांनी समोरासमोर बसून चहा घ्यायचा, ही दिनानाथांच्या गिरीजच्या घराची रीत. त्या घटकेला कुणी आपल्याला पाजावं, हे त्यांना सोसणार नव्हतं.

सरावात तीन कप फुटले. चौथा त्यांनी हातात घेतला, तेव्हा सून हेमांगी उठली. तिला माणिकपूरच्या कचेरीतून भेट मिळालेला कॉफीचा मग दोन वर्षं पेन्सिली सांभाळत होता. घरात कॉफी पिणारं कुणी नव्हतं. तिने तो रिकामा करून, धुऊन पुढे ठेवला.

"यातून चहा प्यायचा की आंघोळ करायची?"

"आधी धरून तर बघा, बाबा. आंघोळीचं नंतर पाहू."

त्यांनी हात घातला. कान एवढा ऐसपैस, की चारही बोटं आत गेली आणि अंगठा आपसूक वर टेकला. कोयत्याची मूठ अशीच धरतात. तिथे चिमटीचं काम नसतं. विसरलेली वाट पायांना सापडावी, तशी ती पकड हाताला सापडली. भार बोटांच्या टोकांवर न येता मुठीवर आला. जाड भिंतीमुळे चटका लागेना; पसरट बुडामुळे वाकडा टेकला तरी कलंडेना.

मथुरेने मात्र चहा काठोकाठ ओतला. तो सदऱ्यावर सांडला.

"अर्धाच भरत जा."

"घरच्या कर्त्याला अर्धा चहा? माझा हात आखडता म्हणतील लोक."

"आखडलाय तो माझा."

शनिवारी त्यांनी पाच वेळा अर्धा मग प्यायला. हात थरथरला की चहा उंच भिंतीला धडकून माघारी फिरे. थेंब सांडला नाही.

रविवारी बोलणी जुळली. मथुरेने तबक आणलं. पाहुण्यांचे कप काठोकाठ होते. आणि चार माणसांत उभ्या जन्माची सवय आड आली म्हणून की काय, मगही काठोकाठ होता. खाली ठेवताना तिच्या ते ध्यानात आलं. तिचा हात सवयीने पुढे झाला. दिनानाथांनी नकाराची मान हलवली. तो तिथेच थांबला.

निवू दे म्हणून भरलेला मग तसाच ठेवता आला असता. त्यांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं.

"चंद्रहासभाऊ, माझ्या हाताला अर्धाच पेलतो. वरचा अर्धा तुम्ही घ्या."

चंद्रहासांनी आपला चहा बशीत ओतून ओतून संपवला आणि मगातला निम्मा रिकाम्या कपात घेतला. "बरं झालं. एका कपाने माझं कधी भागलंय?" तो मग दिनानाथांपुढे परत ठेवताना त्यांनी हलकेच विचारलं, "धरू का?"

"नको."

चार बोटं कानात गेली. मग उचलला गेला, हवेत थरथरला; आत चहा भिंतीवर आदळला आणि परतला. ओठांना काठ लागला. या वेळी दिनानाथांनी डोळे मिटले नाहीत. शेवटच्या घोटापर्यंत ते व्याह्याकडे पाहत होते.

त्यांनी मग खाली टेकवला. थोडा वाकडाच, पण तो स्थिर उभा राहिला.

"आता तारीख काढू," ते म्हणाले.