लाल कळ आणि पूर्ण नाव

“आता ह्याला सर्दी झालीया का काय? सरांचा आवाज बसल्यागत येतोय!” लालासाहेब माझ्या तोंडाशी वाकून पुटपुटायचे आणि स्पिरिटच्या बोळ्याने मला आतून पुसायचे.

मित्रांनो, ज्याची सर्दी अशी पुसली जायची तो मी, एक जुना टेपरेकॉर्डर. ब्याण्णव साली दहिवडीच्या एका शाळेत मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र निघालं आणि मला तिथल्या टेबलावर बसवलं. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या बायका रविवारी तिथे जमायच्या. पुस्तकं टपालाने यायची, सांगलीच्या सुमंत सरांचं शिकवणं कॅसेटमधून यायचं. ते मी ऐकवायचं. मग बायकांनी माझी लाल कळ दाबून, आधी पूर्ण नाव सांगून, शंका विचारायची. कॅसेट एसटीने सांगलीला जायची, पुढच्या महिन्यात उत्तर घेऊन यायची. लांब लांब बसलेल्यांचा एकच वर्ग व्हावा, असा सगळा बेत. केंद्र चालवणारे लालासाहेब तर सांगत सुटायचे, “सांगली हितं, ह्या टेबलावर हाय!” ऐकून मीही फुगायचो.

बेत अडला तो पूर्ण नावापाशी. पूर्ण नावात मधोमध नवरा येतो, आणि आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलंच तर उखाण्यात. कळ दाबली की सगळ्या एकमेकींना कोपराने ढोसायच्या. शेवटी फौजीची बायको प्रियदर्शनी पुढे झाली आणि पदर सावरून मला म्हणाली,

“माणाच्या माळाव मेंढरांचा मेळा, जयराजरावांचं नाव घेते, आली शंकेची वेळा!”

मग काय, एकीमागून एक उखाणे! हसण्यातच कॅसेट संपली. शंका तशाच राहिल्या.

महिन्याने उत्तर आलं. “अभ्यासाच्या कॅसेटवर थट्टामस्करी चालणार नाही. विद्यार्थिनींनी काही पोच ठेवावी.” शब्द सरांचे, पण निघाले माझ्या तोंडातून. प्रियदर्शनीने मान खाली घातली ती वर केली नाही. माझी फीत आतल्या आत गुंतावी आणि तुटावी, असं मला झालं.

त्यानंतर लाल कळीला कुणी बोट लावलं नाही. एकदा अर्थशास्त्रातला ‘सीमांत उपयोगिता’ असा धडा आला. मेंढरं राखून वर्गाला येणाऱ्या बनुबाईंनी हळूच विचारलं, “सीमांत म्हंजे बांध व्हय गं?”

“बांधाचा उपयोग आसंल. गप बसा काकी, हसतील लोकं,” शेजारची म्हणाली.

मी ऐकत होतो. पण कळ दाबल्याशिवाय माझ्यात काही उमटत नाही. कोऱ्या कॅसेटी सांगलीला जायच्या. लालासाहेबांनाही खरं सांगायची लाज. ते कॅसेटच्या डबीवर लिहायचे, ‘शंका नाही’.

एका रविवारी सुमंत सर स्वतःच आले. भले गृहस्थ होते, बोललेही गोड. “दहिवडीतून एकही शंका येत नाही. म्हणजे तुम्हाला कॅसेटवरून नीट समजतंय. मग घर सोडून इथे यायचा त्रास कशाला? पुस्तकं घरपोच येतील. जूनपासून हा वर्ग बंद करावा, असं मी कळवतो. समजतंय ना सगळं?”

“व्हय सर,” सगळ्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. लालासाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बनुबाईंचा चेहरा मात्र उतरला. आठवड्यातला हा एकच दिवस त्यांना कुणी ‘विद्यार्थिनी’ म्हणत होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना जपा, धूळ पुसा, उन्हात ठेवू नका. पण आमच्यापुढे जो गप्प बसतो, त्याला सगळं कळलंय असं धरून चालू नका. त्याच्याकडे एकदा वळून बघा.

बनुबाई उठल्या. त्यांच्या राकट बोटाने माझी लाल कळ खाली गेली.

“काकी, उखाणा नगं हां,” प्रियदर्शनी कुजबुजली.

“उखाणा न्हाई गं.” बनुबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “माझं पूर्ण नाव बनुबाई जोतिबा विरकर. आन् सर, आमाला ह्यातलं काय बी कळत न्हाई.”