दिव्यांच्या पैशांचा शिक्का

मला पाहून लोकांना वाटतं, ही कुठल्या तरी मोडक्या खेळण्याची मूठ असावी. नाही हो, मी शिक्का आहे. सरकारी शिक्का. मोठमोठी मालवाहू जहाजं माझ्यासाठी बंदरात खोळंबून राहिलेली मी पाहिली आहेत.

जन्म मात्र माझा समुद्रापासून फार लांब, जुन्या जालन्यात झाला. साल १९७१. बद्रीनाथ कातारी आपल्या दुकानात पलंगाचे पाय नि लाटणी कातत बसला होता. हसनाबादचे देवानंद तिथे आले. ते बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते आणि सुट्टीवर गावी आले होते. त्यांच्या शिक्क्याची मूठ तडकली होती.

"कशाचा शिक्का हाय?" बद्रीनाथनं विचारलं.

"जहाजाच्या कागदावर मारायचा."

"आता जालन्यात कुठून आलं जहाज?" बद्रीनाथ पोट धरून हसला. पण त्यानं शिसवीचा जुना तुकडा शोधला आणि मला असं गुळगुळीत कातलं की देवानंदांनी मला तिथंच चार वेळा मुठीत धरून पाहिलं.

कचेरीत माझ्या बुडाला रबर चिकटवलं गेलं. अक्षरं इंग्रजी होती, पण त्यांचा अर्थ साधा होता: या जहाजानं दिव्यांचे पैसे भरले. समुद्रात दीपगृहं असतात, खडकाजवळ तरंगते बोये असतात. त्यांच्या काचा, रंग, तिथं राहणाऱ्या माणसांचे पगार, या सगळ्याचा खर्च व्यापारी जहाजांकडून घेतात. त्याला दीपशुल्क म्हणतात. जहाज जेवढं मोठं, तेवढं शुल्क जास्त. ते भरल्याशिवाय जहाजाला बंदर सोडायचा परवाना मिळत नसे. म्हणजे माझ्याशिवाय मिळत नसे!

देवानंद मला कधी आपटत नसत. आधी कागद शेवटपर्यंत वाचत, मग मला शाईवर हलकेच टेकवून कागदावर सरळ दाबत. ठसा वाकडा उठला तर त्यांना चैन पडत नसे.

१९७४ च्या डिसेंबरात एका मालवाहू जहाजाचा एजंट तरातरा आत आला. नवाच होता. दुपारच्या भरतीला जहाज निघायचं होतं.

"परवाना हवाय, जल्दी. पण दिव्यांचे पैसे आम्ही देणार नाही," तो म्हणाला. "आमचं जहाज भर दुपारी बंदरात आलं. तुमच्या एकाही दिव्याचा आम्हाला उपयोग झालेला नाही."

"कायद्यात दिवस-रात्र असं काही न्हाई साहेब," देवानंद म्हणाले. "जहाज बंदरात आलं की शुल्क लागतं."

एजंट मोठ्या साहेबांच्या टेबलाकडे गेला. साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "देवानंद सांगतो तोच कायदा." तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"तू कुठला रे?"

"हसनाबादचा. जालन्याकडचा."

"तिकडं समुद्र आहे का? नोकरी लागायच्या आधी जहाज तरी पाहिलं होतंस? आणि मला जहाजाचं शिकवतोस!"

देवानंदांची बोटं माझ्याभोवती आवळली गेली. मला वाटलं, आता ते मला फेकून मारतील. पण त्यांनी मला अलगद टेबलावर ठेवलं.

"न्हाई पाहिलं," ते म्हणाले. "आमच्याकडं दर्या न्हाई, म्हणून तर सगळं वाचून आलो. तुम्ही म्हणता दिव्याचा उपयोग झाला न्हाई. मंग जहाजाची रोजवही आणा. त्यात काय लिहिलंय ते बघू."

रोजवही घेऊन खुद्द कप्तानच आला. पांढऱ्या दाढीचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. काय झालं ते त्यानं उभ्या उभ्या ऐकलं, वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. देवानंदांनी ती मोठ्यानं वाचली. जहाज बंदरात आलं त्या दिवशी पहाटे दीपगृहाचा दिवा दिसला होता, आणि तो दिसल्यावर जहाजाची दिशा बदलली होती.

"प्रवाहानं आम्हाला खडकांकडे ओढलं होतं," कप्तान एजंटला म्हणाला. "दिवा नसता तर आज तू माझ्यासाठी परवाना मागायला आला नसतास. पैसे भर."

एजंटनं मुकाट्यानं पैसे भरले. देवानंदांनी पावती फाडली आणि मला उचललं. ठसा अगदी सरळ उमटला. जाताना कप्तानानं त्यांच्याशी हात मिळवला. मग देवानंदांनी मला पुन्हा उचललं, तेव्हा कप्तानाच्या हाताचा घाम मलाही लागला. आयुष्यात इतका ताठ मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

१९७८ मध्ये कचेरीत नवे शिक्के आले. माझं रबर नियमाप्रमाणे कापून जाळलं. मूठ टाकूनच देणार होते. देवानंदांनी साहेबांना लेखी अर्ज केला आणि मला मागून घेतलं. हसनाबादला आल्यावर त्यांनी मला आपल्या आईच्या, केशरबाईंच्या हातात दिलं आणि माझं काम समजावून सांगितलं.

केशरबाईंचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात रोजानं खुरपण्यात गेलं होतं. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला उलटं-सुलटं करून पाहिलं.

"त्या दिव्यापाशी माणूस राहतो?"

"राहतो ना माय. खडकावर. महिनोन्‌महिने."

"त्याचा पगार बराबर येतो का? का मालकाच्या दारात बसावं लागतं त्याला?"

"येतो. त्याच्यासाठीच तर हे पैसे घ्यायचे."

"मंग चांगलं काम करून राह्यला तू," केशरबाई म्हणाल्या. वीस वर्षांच्या नोकरीत देवानंदांना कुणी असं म्हटलं नव्हतं. ते पाणी प्यायला म्हणून आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तेव्हापासून मी इथंच आहे. शेजारच्या तुळजाबाई आल्या की केशरबाई मला फळीवरून काढतात. "मह्या लेकानं हे दाबल्याबिगर जहाज जागचं हालत नव्हतं," असं सांगतात. बिलकुल खरं आहे ते! माझी एकच विनंती आहे: माझ्या बुडाला अक्षरं उरली नाहीत म्हणून कुणी मला चुलीत घालू नका.

मला घरी आणलं त्या वेळची सुट्टी संपून देवानंद निघाले त्या सकाळी केशरबाई त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेल्या. मी त्यांच्या मुठीतच होतो. गाडी सुरू झाली तशा त्या खिडकीजवळ गेल्या.

"देवा, त्या दिव्यावाल्याला मह्याकडून जयभीम सांग."

"मी त्याला कधी पाहिलं न्हाई माय!"

"मंग जाऊन भेट की," केशरबाई म्हणाल्या.