दोन डोळ्यांची वाटणी

घड्याळजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि त्यांच्या दोन्ही मुलांना भांडायला नवं निमित्त मिळालं. थोरला विमा विकायचा, धाकटा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा.

"सरकारी दवाखान्यात? फुकटचं ते कसलं असणार!" थोरला म्हणाला.

"मग खासगीत काय सोन्याची सुई वापरतात? एका डोळ्याला सत्तर हजार!"

थोरली सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, "डोळे दोन, मुलगे दोन. घ्या की वाटून!"

घड्याळजी मोठ्यानं हसले. त्यांना ती चेष्टा वाटली.

उजवा डोळा धाकट्याच्या वाट्याला आला. पाच खेपा झाल्या. तासन्‌तास रांग, दोनदा तारीख पुढे ढकलली. पैसा लागला नाही, पण खाडे मोजून मालकानं धाकट्याच्या टेम्पोची किल्ली दुसऱ्याला दिली. पट्टी सुटली तेव्हा मात्र घड्याळजींना समोरच्या भिंतीवरच्या पालीची बोटंसुद्धा दिसली.

डावा डोळा थोरल्यानं खासगीत नेला. गार खोली, मऊ खुर्ची, एका सकाळीत काम फत्ते. चौथ्या दिवशी तो डोळा लालबुंद झाला, ठणका कानशिलापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, "जंतुसंसर्ग आहे. आजच पुन्हा ऑपरेशन. चाळीस हजार भरा."

थोरल्यानं त्यांना घरी आणलं आणि धाकट्याला फोन लावला. "निम्मे दे."

"डोळा तुझा, खर्च तुझा."

"मग ने तुझ्या सरकारीत!"

"मी का नेऊ? माझा डोळा ठणठणीत आहे."

तीन दिवस हेच चाललं. "अरे, कुणीतरी न्या रे," म्हणून घड्याळजींनी हात जोडले. चौथ्या दिवशी पहाटे ते एकटेच निघाले, भिंतीचा आधार घेत, डाव्या डोळ्यावर रुमाल दाबून.

सरकारी दवाखान्यात, उजवा डोळा ज्यांनी केला होता त्याच डॉक्टरबाईंनी तपासलं. "आजोबा, चार दिवस आधी यायचं हो."

पू आत पसरला होता. डोळा काढावा लागला.

संध्याकाळी दोघे आले, खाटेच्या डाव्या बाजूला बसले. थोरल्यानं नर्सला हळूच विचारलं, "किती झाले?"

"काही नाही."

त्यानं सुस्कारा सोडला. "चला, फुकटात निभावलं."

"मी काय बोंबलत होतो मग?" धाकटा विजयानं म्हणाला.

घड्याळजींनी मान वळवली नाही. त्या बाजूचं त्यांना आता दिसत नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं.